दगडाले काहून शेपटी फुटते? शेपटीवाल्या लघुग्रहांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात आमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही दुर्बीण लावतो. दिवसभर कापूस वेचून आलेली माणसं जेवण आटोपून येतात, शनीची कडी बघतात आणि मग शेकोटीभोवती बसून प्रश्न विचारतात. एकदा मी सांगितलं की काही लघुग्रहांना अचानक शेपटी फुटते. त्यावर बिडी विझवत एक आजोबा म्हणाले, "मास्तर, दगडाले काहून शेपटी फुटते जी?" तेव्हापासून दर वेळी हाच विषय निघतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

लघुग्रह आणि धूमकेतू यांत फरक काय?

शाळेच्या पुस्तकातलं उत्तर असं: लघुग्रह म्हणजे खडक. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात, जवळपास गोल वाटेने सूर्याभोवती फिरतात. धूमकेतू बर्फाळ असतो, फार दुरून लांबट वाटेने येतो; सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते, वाफेसोबत धूळ उडते आणि शेपटी दिसते. 'धूम' म्हणजे धूर आणि 'केतू' म्हणजे झेंडा. धुराचा झेंडा! ज्याने हे नाव ठेवलं त्याची नजर चांगली होती.

मीही वर्षानुवर्षं हेच शिकवलं. अडचण अशी की आता लघुग्रहांच्या पट्ट्यातच, लघुग्रहांच्याच वाटेने फिरणारे आणि तरीही धूळ सोडणारे गोळे सापडलेत. त्यांना 'सक्रिय लघुग्रह' म्हणतात. ज्ञात लघुग्रह दहा लाखांच्या वर आहेत. त्यांत असे काही डझनच.

मग दगडाले शेपटी फुटते कशी?

शेपटी म्हणजे उठलेला धुराळा, एवढं आधी मनात पक्कं करा. आपल्या पांदणीवर लांबून धुराळा दिसला की माणूस न बघताही आपण ओळखतो. सांजेला पसरट, रेंगाळणारा धुराळा असेल तर गायकी गुरं घेऊन परततोय. लांबलचक सरळ रेघ असेल तर ट्रॅक्टर किंवा फटफटी. एकाच जागी गरगरत वर गेला तर वावटळ. धूळ एकच, उठवणारा वेगळा.

लघुग्रहांचं तसंच आहे. कोणाला दुसऱ्या दगडाची टक्कर बसते. कोणी स्वतःच इतका जोरात फिरतो की अंगावरचं फेकून देतो. कोणाच्या पोटात बर्फ असतो. कोणी सूर्याच्या इतका जवळ जातो की तापून त्याचा पृष्ठभाग तडकतो. शास्त्रज्ञ धुळीचा आकार, ती किती दिवस उडत राहिली आणि पुन्हा कधी उडाली हे बघून 'इथून कोण गेलं' ते ठरवतात. एकदाच भपकन उडाली आणि विरली तर टक्कर. दर फेरीला सूर्याजवळ आल्यावर उडते तर बर्फ. थांबून थांबून, कुठलाही हंगाम न पाळता उडते तर फिरणं. दर वेळी निकाल इतका सरळ लागत नाही, पण पद्धत हीच.

पण ती धूळ शेपटीसारखी लांब का होते? तिथे वारा थोडाच आहे?

वारा नाही, पण उजेड आहे. सूर्यप्रकाशाचा धुळीच्या कणांवर अगदी हलका दाब पडतो. खळ्यावर उपणताना काय होतं ते आठवा. सूप उंच धरून धान्य सोडलं की दाणे पायाशी पडतात आणि भुसा वाऱ्यासोबत लांब जातो. तिथेही बारीक धूळ सूर्याच्या विरुद्ध दिशेला लांबवर ढकलली जाते, जाड रेती आणि खडे लघुग्रहाच्या वाटेवरच मागे-पुढे रेंगाळतात. म्हणून शेपटीत कुठल्या आकाराचा कण कुठे आहे हे पाहून धूळ नेमकी कधी सुटली याची तारीख काढता येते. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

सुटायला जोरही फार लागत नाही. एक किलोमीटर रुंदीच्या लघुग्रहावर उभं राहून तुम्ही खडा माणसाच्या चालण्याच्या वेगाने वर फेकला तरी तो परत यायचा नाही. गुरुत्वाकर्षण इतकं क्षीण असतं.

असा पहिला लघुग्रह कोणता सापडला?

१९७९ मधल्या छायाचित्रांत तो साध्या ठिपक्यासारखा टिपला गेला होता. १९९६ मध्ये एरिक एल्स्ट आणि गुइडो पिझारो या खगोलशास्त्रज्ञांना चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या छायाचित्रात त्याच ठिपक्याला बारीक शेपटी दिसली. त्याचं नाव एल्स्ट-पिझारो. त्याची नोंद लघुग्रह म्हणूनही आहे (क्रमांक ७९६८) आणि धूमकेतू म्हणूनही (१३३पी). दोन्हीकडच्या यादीत नाव! गावात अशा माणसाची चौकशी लागते, आकाशात चालून जातं.

बरेच जण म्हणाले की टक्कर झाली असेल. पण २००२ मध्ये तो सूर्याजवळच्या टप्प्यात आला तेव्हा शेपटी परत उगवली, २००७ मध्ये पुन्हा. एकाच गोळ्यावर दर फेरीला ठरलेल्या वेळी कोण दगड मारेल? म्हणून संशय बर्फावर गेला. २००६ मध्ये हेन्री शे आणि डेव्हिड ज्युइट या खगोलशास्त्रज्ञांनी अशांचा वेगळा गट मांडला: मुख्य पट्ट्यातले (म्हणजे याच मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातले) धूमकेतू.

टक्कर होऊन शेपटी फुटल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि झकास आहे. शीला नावाचा लघुग्रह (आपली शीला नव्हे, जर्मनीत शिकणाऱ्या एका इंग्रज मुलीचं नाव) १९०६ मध्ये सापडला. रुंदी सुमारे ११३ किलोमीटर. शंभर वर्षं तो गुपचूप ठिपका बनून फिरत होता. डिसेंबर २०१० मध्ये एकाएकी त्याच्याभोवती धुळीचे पिसारे दिसले आणि काही आठवड्यांत विरूनही गेले. हिशेब केल्यावर निघालं की साधारण ३५ मीटरचा दगड सेकंदाला ५ किलोमीटर वेगाने त्याच्यावर आदळला असावा.

त्याच वर्षी जानेवारीत पी/२०१० ए२ सापडला होता. अवकाशातल्या हबल दुर्बिणीने पाहिलं तर डोक्याशी इंग्रजी एक्ससारखी फुली आणि मागे लांब शेपटी. धुळीच्या कणांवरून तारीख काढली तेव्हा कळलं की घटना २००९ च्या सुरुवातीची. म्हणजे जवळजवळ वर्षभर तो धुराळा तसाच तरंगत होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं! ही टक्कर होती की गोळा स्वतःच फिरून फुटला, यावर मात्र वाद राहिला.

स्वतःच फिरून फुटतो म्हणजे काय? त्याला फिरवतं कोण?

या प्रश्नाला जास्त वेळ देतो, कारण लोकांचा विश्वास बसत नाही तो याच उत्तरावर.

पहिली गोष्ट, बरेच लघुग्रह अखंड शिळा नसतात. दगड, मुरूम, माती यांचा सैल ढीग असतो, आपल्याच क्षीण गुरुत्वाकर्षणाने कसाबसा धरलेला. नदीकाठी टिप्परने ओतलेला रेतीचा ढीग समजा.

दुसरी गोष्ट, असा ढीग ऊन शोषतो आणि तीच उष्णता परत बाहेर टाकतो. बाहेर जाणारी उष्णता जाताना पृष्ठभागाला अगदी नाममात्र धक्का देते. गोळा चोख गोल असता तर सगळे धक्के एकमेकांना मारून टाकते. पण लघुग्रह बटाट्यासारखे वेडेवाकडे. म्हणून एका बाजूला थोडा जास्त धक्का, दुसऱ्या बाजूला थोडा कमी, आणि जत्रेतल्या भिंगरीसारखा गोळा हळूहळू वेग घेतो. याला यॉर्प परिणाम म्हणतात. यार्कोव्स्की, ओ'कीफ, राद्झिएव्स्की आणि पॅडॅक या चौघांच्या नावांची ती आद्याक्षरं. लाखो-कोट्यवधी वर्षं ऊन खात राहिलं तर दगडही भिरभिरू लागतो.

आता पावसाळ्यातला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. काळ्या मातीच्या वावरातून निघतो तेव्हा चाकांना चिखलाचे थर चिकटलेले असतात. वावरात हळू चालतो तोवर चिखल जागचा हलत नाही. डांबरी रस्त्याला लागून वेग घेतला की मागच्या फटफटीवाल्याच्या तोंडावर ढेकळं उडतात. सैल ढिगासारख्या लघुग्रहाचा चिखल साधारण सव्वादोन तासांत एक फेरी या वेगाला उडू लागतो. त्याहून फार जोरात फिरणारे मोठे लघुग्रह क्वचितच सापडतात. जे तिथवर पोचले, ते टिकलेच नसावेत.

६४७८ गॉल्ट हा याचा नमुना. १९८८ मध्ये कॅरोलिन आणि यूजीन शूमेकर यांनी शोधलेला, चारेक किलोमीटरचा. जानेवारी २०१९ मध्ये त्याला एक शेपटी दिसली, मग दुसरी. पहिली २८ ऑक्टोबर २०१८ च्या सुमाराला आणि दुसरी ३० डिसेंबरच्या सुमाराला सुटलेल्या धुळीची होती. लांबीला मोठी असलेली शेपटी आठ लाख किलोमीटरच्या वर गेली होती, म्हणजे पृथ्वी ते चंद्र अंतराच्या दुपटीहून जास्त. नंतर जुनी छायाचित्रं चाळली तर २०१३ मध्येही तो धूळ सोडत होता, कोणी बघितलं नव्हतं इतकंच. तो अडीच तासांच्या आसपास एक फेरी घेतो, म्हणजे अगदी काठावर. गॉल्टच्या निरीक्षणात लडाखमधल्या हानले इथली आपली हिमालयन चंद्रा दुर्बीणही होती, हे मी दर वेळी मुद्दाम सांगतो.

२०१३ सालचा पी/२०१३ पी५ तर याहून विचित्र. हबलने बघितलं तर एकदम सहा शेपट्या! वेगवेगळ्या तारखांना थोडी थोडी धूळ सांडलेली. आणि त्याच साली पी/२०१३ आर३ नावाचा एक सरळ फुटला. दहाएक तुकडे, प्रत्येकाला स्वतःची धूळ, आणि सगळे एकमेकांपासून माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश दूर जाणारे.

पट्ट्यात बर्फ कसा टिकतो? सूर्य वितळवत नाही का?

पूर्वी लग्नकार्यात बर्फाची लादी लाकडाच्या भुशात घालून, पोत्यात गुंडाळून आणायचे. वैशाखातही तालुक्यापासून गावापर्यंत टिकायची. लघुग्रहावर धुळीचा थर हेच काम करतो. खालचा बर्फ अब्जावधी वर्षं झाकलेला राहू शकतो. लहानशी टक्कर होऊन वरचा थर उघडा पडला की मात्र ऊन लागून वाफ सुटते आणि धूळ घेऊन उडते.

बरीच वर्षं हा तर्कच होता, कारण प्रत्यक्ष वाफ कोणाला पकडता येत नव्हती. मग अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने २३८पी/रीड या मुख्य पट्ट्यातल्या धूमकेतूभोवती पाण्याची वाफ पकडली, २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे इतर धूमकेतूंत हमखास असणारा कार्बन डायऑक्साइड तिथे सापडला नाही. पृथ्वीवर पाणी आलं कुठून हा प्रश्न ज्यांना छळतो, त्यांना हा पट्टा म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

डिसेंबरात जागलीवर असताना खूप तारे तुटताना दिसतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

सरळ संबंध आहे. रोही आणि रानडुकरं हाकलायला मचाणावर रात्र काढणाऱ्यांनी १३-१४ डिसेंबरच्या रात्री जे पाहिलंय, ते शहरातल्या खगोलप्रेमीच्या नशिबी नसतं. त्या उल्का मिथुन राशीकडून येताना दिसतात, म्हणून त्यांना मिथुन उल्कावर्षाव म्हणतात. उल्कावर्षाव बहुधा धूमकेतूंच्या धुळीचे असतात. हा मात्र ३२०० फेथॉन या लघुग्रहाच्या वाटेवरचा कचरा आहे.

फेथॉन १९८३ मध्ये आयरस या उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला. पाच-सहा किलोमीटरचा हा दगड सुमारे दीड वर्षात सूर्याची एक फेरी करतो आणि त्यात बुधाच्याही आत, सूर्यापासून दोन कोटी किलोमीटरच्या आसपास जाऊन येतो. तिथे त्याचा पृष्ठभाग सातशे अंशांच्या पुढे तापतो. आमच्याकडे चंद्रपूरला पारा ४७ ला गेला की आम्ही त्राही त्राही करतो! उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात त्या ओल निघून गेल्याने. फेथॉनवर खनिजांतलं पाणी उडून जाणं आणि तापण्या-निवण्याने दगड तडकणं, दोन्ही शक्य आहे.

पण इथे एक मेख आहे. सूर्याजवळ गेल्यावर त्याला जी छोटीशी शेपटी दिसते, ती धुळीची नसून सोडियमच्या वायूची आहे असं २०२३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे आज तो जेवढं सांडतो त्यातून इतका मोठा उल्कावर्षाव भरून निघत नाही. पूर्वी कधीतरी फेथॉनवर काहीतरी मोठं घडलं असलं पाहिजे.

जवळून कोणी पाहिलंय का हे?

हो. नासाचं ओसायरिस-रेक्स हे यान बेन्नू या अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहाभोवती फिरत असताना, ६ जानेवारी २०१९ ला कॅमेऱ्यात खडे उडताना दिसले. आधी वाटलं मागचे तारेच असतील. नंतर कळलं की बेन्नू अधूनमधून खडे झटकतो; काही निघून जातात, काही परत पडतात, काही दिवसचे दिवस त्याच्याभोवती घिरट्या घालतात. पृथ्वीवरून बघितलं तर तो ठार शांत दिसतो. मग 'निष्क्रिय' तरी किती जण खरोखर निष्क्रिय असतील?

आणि माणसाने मुद्दाम शेपटी फोडली ती?

२०२२ ची घटस्थापना झाली त्या रात्रीनंतरची पहाट. आपल्या घड्याळात ४ वाजून ४४ मिनिटांनी लघुग्रहाला धक्का देऊन बघायला पाठवलेलं नासाचं डार्ट यान डिमॉर्फोसवर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जाऊन आदळलं. हा दीडशे-एकशेसाठ मीटरचा गोळा डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. धडकेपूर्वी त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती. ती अर्ध्या तासाहून थोडी जास्तच घटली. दोन दिवसांत चिलीतल्या दुर्बिणीला दहा हजार किलोमीटरची शेपटी दिसली, आणि पुढे हबलला तिला फाटा फुटलेला दिसला.

टक्कर कधी, किती वेगाने आणि किती वजनाने झाली हे आधीच माहीत असलेली ही पहिली शेपटी. शीलासारख्या जुन्या प्रकरणांची उकल किती बरोबर होती हे पडताळायला तिचा उपयोग होतो. तिथे काय उरलंय ते बघायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे.

आपल्या दुर्बिणीतून शेपटी दिसेल का?

नाही. गॉल्टसारखा लघुग्रह नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्याही हजारो पट मंद असतो आणि शेपटी त्याहून मंद. शाळेच्या दुर्बिणीतून पट्ट्यातले मोठे गोळे, व्हेस्टा किंवा सेरेस, बघा. ठिपकाच दिसेल, पण दोन रात्रींत तो सरकलेला पकडता आला की जी मजा येते ती शेपटीवाल्या फोटोत नाही.

लोणारचा खड्डा अशाच दगडाने झाला का?

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बाहेरून आलेल्या दगडाच्या आघाताने झालं हे पक्कं. काळ्या बेसॉल्टमध्ये, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. वय मात्र पद्धतीगणिक बदलतं: एका मोजणीने पन्नासेक हजार वर्षं, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. लोणासुराची कथा सांगणाऱ्या आजीला मी कधी टोकत नाही; खड्डा बघून 'इथे काहीतरी जबर घडलंय' हे तिच्या पूर्वजांनी ओळखलं होतं. असे दगड बहुतांशी लघुग्रहांच्या पट्ट्यातूनच भरकटत येतात. पण तो दगड शेपटी सोडत होता का, हे खड्ड्यावरून सांगता येत नाही.

२०२२ च्या पाडव्याला आकाशातून जळत गेलं ते काय होतं?

त्या संध्याकाळी, २ एप्रिलला, अर्ध्या विदर्भाने ते पाहिलं आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भली मोठी रिंग पडली. तो लघुग्रह नव्हता, धूमकेतूही नव्हता. चिनी रॉकेटचा जुना टप्पा वातावरणात परतताना जळाला, असं जाणकारांनी सांगितलं. साधी खूण लक्षात ठेवा. उल्का डोळ्याची पापणी लवते तोवर संपते. रॉकेटचा कचरा सावकाश, तुकडे होत, मिनिटभरसुद्धा जातो. आणि शेपटीवाला धूमकेतू तर रात्रभर ताऱ्यांसारखाच जागेवर दिसतो, पळत नाही.

शेपटी फुटली म्हणजे धोका वाढला का? अपशकुन?

दोन्ही नाही. यांतले बहुतेक मंगळाच्याही पलीकडे आहेत. 'लघुग्रहाला शेपटी, पृथ्वी संकटात' असा मेसेज दर वर्षी आमच्या गटावर फिरतो. तो पुढे पाठवू नका.

मोबाईलवरून आमच्या पोरांना यात काही करता येईल का?

येईल, फुकट. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर 'ॲक्टिव्ह ॲस्टेरॉइड्स' नावाचा प्रकल्प २०२१ पासून चालू आहे. चिलीतल्या चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील डार्क एनर्जी कॅमेऱ्याची जुनी छायाचित्रं एकेक करून समोर येतात. मधल्या ठिपक्याला शेपटी आहे की नाही एवढंच सांगायचं. गॉल्टचं २०१३ चं गुपित जसं जुन्या फोटोंत पडून होतं, तशी अजून किती असतील! साध्या लोकांनी त्यातून नवे सक्रिय लघुग्रह शोधून दिलेले आहेत.

माहिती इंग्रजीत आहे, पण आमच्या सातवीच्या मुलींना अर्ध्या तासात जमलं. सुरुवातीला त्यांना प्रत्येक ठिपक्याला शेपटी दिसायची. मागे असलेली लांबट दीर्घिका, शेजारच्या ठळक ताऱ्याची तिरीप, कॅमेऱ्यावर आदळलेल्या वैश्विक किरणाची रेघ, सगळ्या शेपट्याच! मग एकीने युक्ती काढली: आधी आजूबाजूचे तारे बघायचे. तेही एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील तर दोष कॅमेऱ्याच्या हलण्याचा. ते गोल असतील आणि मधल्या ठिपक्यालाच मिशी असेल, तर 'हो' वर बोट ठेवायचं. नेट मात्र शाळेच्या व्हरांड्यातल्या तिसऱ्या खांबापाशीच येतं, तेव्हा तिथे गर्दी करू नका, पाळी लावा.